‘-रा’ आणि ‘-से’: स्पॅनिश क्रियापदकोशाच्या प्रकल्प नोंदी

५ जून २०२५

मराठीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी आपण जो क्रियापदकोश करतोय, त्यात आजपासून सबजंक्टिव्हच्या (इच्छा, शंका, कल्पना सांगणाऱ्या क्रियापदरूपाच्या) भूतकाळाची पानं घेतली. स्पॅनिशमध्ये याला ‘इम्पेर्फेक्तो दे सुबहुन्तिबो’ म्हणतात. ‘पैसे असते तर’, ‘त्याने यावं अशी तिची इच्छा होती’, ‘जणू काही तो राजाच’ अशा ठिकाणी हे रूप लागतं.

अडचण अशी की या काळाला रूपांचे दोन संच आहेत. ‘कान्तार’ म्हणजे गाणं. त्याचं एक रूप ‘कान्तारा’ आणि दुसरं ‘कान्तासे’. जवळपास सगळी पाठ्यपुस्तकं हे दोन रकाने शेजारी छापतात, खाली ‘दोन्ही चालतात’ अशी ओळ टाकतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. रॉयल स्पॅनिश अकादमी आणि बाकी देशांच्या अकादमींनी मिळून २००९ मध्ये काढलेलं मोठं व्याकरणही दोन्ही रूपं शुद्ध धरतं. पण त्याच व्याकरणात पुढे प्रदेशांचा आणि वापराचा तपशील आहे, आणि तो शिकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. शिकणारा दोन्ही रकाने सारख्याच निष्ठेने पाठ करतो. मग मेक्सिकोच्या माणसाशी बोलताना ‘कान्तासे’ म्हणतो. समोरच्याला कळतं, पण ते पुस्तकी वाटतं.

ठरवलं: रकाने दोन राहतील, पण सारख्या वजनाचे दिसणार नाहीत. कुठलं रूप कुठे बोलतात, कुठे फक्त लिहितात आणि कुठे अजिबात चालत नाही, हे त्याच पानावर यायला हवं.

८ जून

लिपीचा प्रश्न आज मिटवला. सगळी स्पॅनिश रूपं देवनागरीत द्यायची हे आधीच ठरलं होतं. मराठी माणसाचे त आणि द स्पॅनिशसारखेच दंत्य असतात. इंग्रजीतून शिकताना ते उगाच ट-ड होतात, देवनागरीत तो धोका नाही. ‘-रा’मधला र सुद्धा आपल्या र सारखाच, जिभेचा एक हलका फटका. स्पॅनिशमध्ये ब आणि व यांचा उच्चार एकच, म्हणून सगळीकडे ब लिहायचा: ‘तुबिएरा’, ‘बिनिएरा’. घशातल्या ख साठी ह, म्हणजे ‘दिहेरा’.

खरा पेच आघाताचा. ‘कान्तारा’मध्ये जोर मधल्या अक्षरावर असेल तर तो सबजंक्टिव्ह, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘गाईल’ हा साधा भविष्यकाळ. रोमन लिपीत शेवटच्या स्वरावर तिरपी रेघ देऊन फरक दाखवतात. देवनागरीत आघाताला चिन्ह नाही. वैदिक ग्रंथांच्या छपाईत अक्षरावर उभी रेघ देऊन स्वर दाखवतात, ती वापरावी असं मनात होतं. परंपरेतलं चिन्ह आहे, युनिकोडमध्येही आहे. पण स्वस्त मोबाइलवरच्या फॉन्टमध्ये ती रेघ अक्षरापासून सुटून भलतीकडेच जाते. म्हणून आघाताच्या अक्षरानंतर वरचा स्वल्प: ‘कान्ता’रा’ म्हणजे गायला असता, गावं, ‘कान्तारा’’ म्हणजे गाईल. घोटाळ्याची शक्यता असेल तिथेच हे चिन्ह द्यायचं, बाकी पान मोकळं ठेवायचं.

१३ जून

इतिहासाची टीप लिहायला घेतली. सुरुवातीला ती दोन ओळींची असणार होती. पण ती नीट लिहिली तरच पुढचं सगळं उलगडतं, म्हणून लांबली तरी चालेल.

ही दोन रूपं एकाच मुळाची नाहीत. लॅटिनमध्ये ‘आमाराम’ म्हणजे ‘मी प्रेम केलं होतं’, घडून गेलेल्या गोष्टीचं सरळ विधान. ‘आमास्सेम’ म्हणजे ‘मी प्रेम केलं असतं’, कल्पनेतली गोष्ट. पहिल्यापासून स्पॅनिशचं ‘आमारा’ आलं, दुसऱ्यापासून ‘आमासे’. म्हणजे ‘-से’ जन्मापासून सबजंक्टिव्ह, आणि ‘-रा’ जन्माने साधा भूतपूर्व काळ, ‘होता-होती’ची गोष्ट सांगणारा. एका घरात नांदणाऱ्या दोन जावा, पण माहेरं वेगळी. आज दोघी एकच काम करताना दिसतात. तरी प्रत्येकीची सवय माहेरावरून ठरलेली आहे.

मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये, म्हणजे त्या काळच्या स्पॅनिशमध्ये, हे स्पष्ट दिसतं. ‘एल सिद’ या कास्तिलियन योद्ध्यावरच्या वीरकाव्याची जी प्रत आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, तिच्या शेवटी १२०७ या सालाशी जुळणारी तारीख आहे. त्यातली विसावी ओळ स्पेनमधला शाळकरी पोरही म्हणून दाखवतो. सिद हद्दपार होऊन बुर्गोस शहरातून जातो, लोक खिडक्यांत उभे राहून रडतात आणि म्हणतात:

‘दिओस, के बुएन बासाल्यो! सि ओबिएसे बुएन सेन्योर!’

देवा, केवढा गुणी सेवक! धनीही तसाच मिळता तर! यातलं ‘ओबिएसे’ हे ‘-से’ रूप. त्या काळात कल्पनेतली, इच्छेतली गोष्ट बोलायची तर ‘-से’च लागे. (इथला ‘सि’ म्हणजे ‘जर’ की नुसती तळमळ, यावर अभ्यासकांत वाद आहे. रूपाच्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.) त्याच काव्यात ‘-रा’ रूपं येतात ती बहुधा ‘केलं होतं’ या अर्थाने.

मग ‘-रा’ सबजंक्टिव्हमध्ये आलं कसं? वाट ‘जर-तर’च्या वाक्यातून गेली. घडून गेलेलं आणि घडू शकलं असतं पण घडलं नाही, यांची सीमा अशा वाक्यात पुसट होते. ‘-रा’ आधी ‘तर’च्या भागात शिरलं, तिथून ‘जर’च्या भागात, आणि पुढच्या काही शतकांत सबजंक्टिव्हच्या सगळ्या जागांवर पसरलं. सोळाव्या शतकात अजून ‘-से’चंच राज्य होतं. आज स्पेनमध्येही ‘-रा’ जास्त आणि अमेरिका खंडात तर बोलण्यात जवळजवळ तेच.

१४ जून

रूपं बनवायचा नियम लिहून झाला. साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्यायचं, शेवटचं ‘-रोन’ काढायचं, ‘-रा’ किंवा ‘-से’ लावायचं. तुबिएरोन, तुबिएरा, तुबिएसे. दिहेरोन, दिहेरा, दिहेसे. फुएरोन, फुएरा, फुएसे. अपवाद एकही नाही. स्पॅनिशमध्ये असं म्हणण्याची संधी क्वचित मिळते.

२० जून

पणजीच्या सहकारी ताईंशी आज फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं पोर्तुगीज घरातलं, आजीकडून आलेलं. स्पॅनिश त्या नंतर शिकल्या. इतिहासाची टीप वाचून म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे अजून तसंच आहे की. कान्तारा म्हणजे गायला होता, आणि जर-तरला कान्तास्से.”

अगदी बरोबर. पोर्तुगीजने जुनी वाटणी मोडली नाही. ‘-रा’ तिथे भूतपूर्व काळच राहिला, आता बहुतेक पुस्तकांतच सापडतो, पण अर्थ तोच. सबजंक्टिव्हचं काम पूर्ण ‘-स्से’कडे. म्हणून गोव्यात पोर्तुगीज येणारी माणसं स्पॅनिश शिकताना आपोआप ‘-से’ धरतात आणि ‘-रा’ दिसला की ‘केलं होतं’ असं वाचतात. कोशात त्यांच्यासाठी वेगळी चौकट करायची. ती लिहिण्याचं ताईंनी स्वतःकडे घेतलं.

या बोलण्यातून टिपेला नकाशाही मिळाला. इबेरियन द्वीपकल्प पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडत गेलं की ‘-रा’चा सगळा प्रवास जमिनीवर मांडलेला दिसतो. पोर्तुगीज आणि गालिसियन: ‘कान्तारा’ म्हणजे गायला होता. आस्तुरियातही तसंच, आणि गालिसिया, आस्तुरिया या दोन्ही प्रदेशांतले लोक स्पॅनिश बोलतानासुद्धा ‘-रा’ त्या अर्थाने सहज वापरतात. मध्ये कास्तिलियन, जिथे दोन्ही रूपं एकाच कामावर. पूर्वेला बार्सेलोनाच्या कातालानमध्ये ‘कान्तेस्’, म्हणजे ‘-से’च्या कुळातलं रूप. आणि तिथून खाली बालेन्सियात उतरलं की त्याच भाषेच्या बोलीत सबजंक्टिव्हला ‘कान्तारा’.

२७ जून

आजचा दिवस शोध-सूत्रांत गेला. उदाहरणं खऱ्या वापरातून घ्यायची म्हणून अकादमीचे दोन संग्रह चाळतोय. ‘क्रेआ’मध्ये १९७५ ते २००४ ची स्पॅनिश आहे, ‘कोर्पेस’मध्ये एकविसाव्या शतकाची. एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो. ‘क्रेआ’त स्पेन आणि अमेरिका खंड निम्मे-निम्मे, ‘कोर्पेस’मध्ये स्पेन ३० टक्के आणि अमेरिका ७०. त्यामुळे एकूण आकडे शेजारी ठेवून ‘-से घटलं’ असा निष्कर्ष काढायचा नाही. तुलना करायची तर देशवारच.

नुसतं ‘-रा’वर संपणारे शब्द मागितले की पूर येतो. ‘पारा’ (साठी), ‘कारा’ (चेहरा), ‘प्रेपारा’ (तयार करतो), ‘सेपारा’ (वेगळं करतो). ‘-इएरा’ मागितलं तर ‘कुआल्किएरा’ (कुणीही) आणि वर्तमान सबजंक्टिव्हचं ‘किएरा’. ‘-से’कडेही तेच: ‘क्लासे’, ‘बासे’, ‘फ्रासे’. शिवाय स्वतःवाचक ‘से’ क्रियापदाला चिकटून येतो, ‘मार्चार्से’, ‘इर्से’, ते सगळे गळाला लागतात.

सगळ्यांत चिवट शब्द ‘फुएरा’. ‘असणं’ या क्रियापदाचं हे सबजंक्टिव्ह, ‘जाणं’चंही हेच, आणि वर ‘फुएरा’ म्हणजे बाहेर. ‘फुएरा दे ला सिउदाद’, शहराबाहेर. भाषेतलं सर्वाधिक वापरलं जाणारं क्रियापद आणि नेमकं तेच गोंधळाचं. ‘फुएसे’ला असला जोडीदार नाही, त्यामुळे ढोबळ मोजणीत ‘-रा’चा आकडा नुसत्या ‘बाहेर’मुळे फुगतो. ज्यांनी या विषयावर मोजण्या केल्यात त्यांना प्रत्येक ‘फुएरा’ हाताने निवडावा लागला असणार. आम्ही ‘फुएरा दे’ आधीच वगळतो आणि उरलेलं वाचून घेतो.

गप्पांच्या, संदेशांच्या स्पॅनिशमध्ये लोक आघाताची रेघ टाकतच नाहीत. तिथे ‘कान्तारा’ भविष्यकाळ की सबजंक्टिव्ह, हे संपूर्ण वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. असली उदाहरणं कोशात नकोत.

२ जुलै

‘दोन्ही चालतात’ कुठे लागू नाही, ते आज लिहिलं. हा भाग कोशाचा कणा आहे.

दुकानात, कचेरीत, कुणाकडे अदबीने काही मागताना ‘किसिएरा’ म्हणतात. ‘किसिएरा उन काफे’, एक कॉफी हवी होती. इथे ‘किसिएसे’ म्हणत नाहीत. तसंच ‘देबिएरा’ (करायला हवं खरं तर) आणि ‘पुदिएरा’ (असूही शकेल). ही रूपं वाक्यात स्वतंत्र उभी आहेत, कुठल्याही ‘के’च्या (की) किंवा ‘सि’च्या (जर) आधाराशिवाय. ‘-रा’ला हे जमतं कारण तो मुळात स्वतंत्र विधान करणारा काळ होता. ‘-से’ कायम कुणाच्या तरी आधाराने राहिला, म्हणून त्याला मुख्य वाक्यात एकट्याने उभं राहता येत नाही. आठशे वर्षांपूर्वीची वाटणी आज कॉफी मागताना पाळली जाते!

दुसरी जागा वृत्तपत्रांची. ‘एल दिस्कुर्सो के प्रोनुन्सिआरा आयेर’, काल त्यांनी केलेलं भाषण. किंवा ‘एल के फुएरा प्रेसिदेन्ते’, एकेकाळी अध्यक्ष असलेले. इथे काहीच कल्पनेतलं नाही, भाषण खरोखर झालंय. हा तोच जुना ‘केलं होतं’वाला ‘-रा’. मधली काही शतकं तो विरळ झाला होता, मग साहित्यिकांनी जुन्या रंगासाठी तो पुन्हा काढला आणि तिथून बातमीदारांनी उचलला. काराकासला जन्मलेले आणि चिलीत कारकीर्द घडवलेले आन्द्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या आपल्या व्याकरणात या वापराला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं की मेलेला अर्थ परत आणला की जिवंत अर्थाशी त्याची गल्लत होते. त्यांचा मुद्दा मला पटतो, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे रूप रोज भेटणार, तेव्हा पानावर ते हवंच. टीप: ओळखा, स्वतः लिहू नका.

तिसरी जागा ‘तर’चा भाग. ‘सि उबिएरा साबिदो, उबिएरा बेनिदो’, माहीत असतं तर आलो असतो. दुसऱ्या भागात ‘आब्रिआ बेनिदो’ हेही बरोबर आणि ‘उबिएरा’ही तितकंच रुळलेलं. तिथे ‘उबिएसे’ म्हटलं तर जुनी व्याकरणं नापसंती दाखवत, पण लोक म्हणतात आणि लिहितातही.

‘-से’ कुठे तग धरून आहे? वाचताना दोन गोष्टी दिसतात. एक, ‘फुएसे’, ‘उबिएसे’ अशा सतत लागणाऱ्या क्रियापदांत. दोन, एकदा बोलणाऱ्याने ‘-से’ वापरलं की पुढच्या वाक्यातही ‘-से’ येण्याचा कल, जसं काही एकाने दुसऱ्याला ओढून आणलं. अभ्यासकांनीही या दोन्ही गोष्टींची नोंद घेतली आहे. विरळ होत चाललेलं रूप असंच टिकतं, ठरावीक शब्दांत आणि ठरावीक ओघात.

४ जुलै

पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचा संदेश. कंपनीत मेक्सिकोच्या टीमशी त्याचं रोज बोलणं होतं. “सर, तिकडे कुणीच -से म्हणत नाही. मग पाठ कशाला करायचं?”

त्याला लिहिलं: बोलायला पाठ करू नकोस, वाचायला कर. स्पेनमधली कादंबरी, कोर्टाचा निकाल, जुनं पत्र उघडलंस की लागेल. हेच वाक्य कोशाच्या पानावर वर टाकतोय.

९ जुलै

‘सि तेन्द्रिआ’. या पानासाठी सगळ्यांत जास्त वाचन झालं आणि तरी ते पुरेसं वाटत नाही.

प्रमाण स्पॅनिशमध्ये: ‘सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारिआ ला कासा’, पैसे असते तर घर घेतलं असतं. ‘जर’कडे सबजंक्टिव्ह, ‘तर’कडे ‘-रिआ’, म्हणजे ‘केलं असतं’ सांगणारं कंडिशनल रूप. पण स्पेनच्या उत्तरेला एका सलग पट्ट्यात लोक म्हणतात: ‘सि तेन्द्रिआ दिनेरो, कोम्प्रारिआ ला कासा’. दोन्हीकडे ‘-रिआ’. बास्क प्रदेश, नावारा, ला रिओहा, बुर्गोस, कान्ताब्रिया आणि पालेन्सियाचा काही भाग. आणि नुसत्या ‘जर’पाशी हे थांबत नाही. ‘त्याने यावं अशी तिची इच्छा होती’ इथेही ‘बिनिएरा’च्या जागी ‘बेन्द्रिआ’ ऐकू येतं.

माद्रिदचा माणूस हे ऐकून लगेच ओळखतो, की हा उत्तरेकडचा. शाळेत हे खोडून काढतात. तरीही ते टिकलंय, आणि शिकल्यासवरलेल्यांच्या बोलण्यातही. १९८४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कार्मेन सिल्वा-कोर्वालान यांनी बुर्गोस प्रांतातल्या कोवारुबियास गावातल्या या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठात इनेस फेर्नान्देस-ओर्दोन्येस यांनी १९९० पासून उभारलेला ग्रामीण बोलींचा ध्वनिसंग्रह ‘कोसेर’ तर या प्रकल्पासाठी खाणच आहे. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना शेती, डुक्कर मारणं, पावाची भट्टी, लग्नकार्य यांवर बोलतं केलंय. व्याकरणाचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून व्याकरण जसं आहे तसं बाहेर येतं. बुर्गोसच्या नोंदी ऐकताना ‘सि’नंतरचं ‘-रिआ’ इतकं विनासायास येतं की ते ‘चुकलेलं’ रूप आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि ज्या शहराच्या खिडक्यांतून काव्यात ‘सि ओबिएसे’ म्हटलं गेलं, ते हेच बुर्गोस.

कारण काय? सर्रास उत्तर मिळतं, बास्क भाषेचा प्रभाव. नकाशा पाहता ते पटण्याजोगं आहे. पण बास्कचं वाक्य उघडून पाहिलं: ‘दिरुआ बालु, एचेआ एरोसिको लुके’, पैसे असते तर त्याने घर घेतलं असतं. ‘जर’कडे ‘बा-लु’, ‘तर’कडे ‘लु-के’. गाभा ‘लु’ दोन्हीकडे एकच, हे ‘प्रभाव’ मानणाऱ्यांच्या बाजूचं. पण एकाला पुढून ‘बा’, दुसऱ्याला मागून ‘के’ लागून दोन्ही भाग वेगळे राखलेले आहेत. बास्कने स्पॅनिशला साचा दिला असता तर हा फरक का पुसला गेला? शिवाय पालेन्सियासारख्या भागात बास्क बोलत नाहीत. माझं मत: शेजार कारणीभूत असेल, पण एकटा नाही. ‘जर-तर’ची दोन्ही अंगं एका रूपात आणण्याची ओढ स्पॅनिशमध्ये स्वतःचीच आहे. कॅरिबियन किनाऱ्यावर, मध्य अमेरिकेत तीच ओढ उलट दिशेने दिसते: ‘सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारा ला कासा’, दोन्हीकडे ‘-रा’. जुन्या कास्तिलियनमध्ये हे सर्रास होतं. आणि ‘सि उबिएरा… उबिएरा’ तर सगळ्या स्पॅनिश जगात चालतं, तेव्हा कुणी बास्ककडे बोट दाखवत नाही.

१० जुलै

कालच्याच विषयावर पुढे. ‘सि तेन्द्रिआ’ उत्तर स्पेनपुरतं नाही, ब्वेनोस आइरेसमध्येही ऐकू येतं. भाषाशास्त्रज्ञ बेआत्रिस लावान्देरा यांनी १९७० च्या दशकात तिथल्या ‘सि’च्या वाक्यांतल्या रूपांचा अभ्यास केला. त्यातून १९७८ साली त्यांनी एक मूलभूत शंका उपस्थित केली. एकाच शब्दाचे दोन उच्चार असतील तर ‘एकाच गोष्टीची दोन रूपं’ म्हणून ती मोजता येतात. पण ‘तुबिएरा’ आणि ‘तेन्द्रिआ’ यांचा अर्थ खरंच एकच आहे का? बोलणारा दोन रूपांतून शक्यतेच्या दोन वेगळ्या छटा दाखवत असेल, तर ती एका तागडीत टाकून मोजणं कितपत योग्य?

ही शंका कोशालाही लागू होते. पानावर ‘= तुबिएरा’ असं बरोबरचं चिन्ह काढायचं नाही. ‘प्रमाण भाषेत इथे तुबिएरा येतं’ एवढंच लिहायचं.

११ जुलै

मराठीशी तुलना, फक्त एका परिच्छेदाची. शाळेतल्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शिकवतात. यातला संकेतार्थ इथे थेट कामाला येतो. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.’ आपण दोन्ही अंगांना ‘असता’ लावतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याला ‘उबिएरा… उबिएरा’ चटकन जमतं, आणि ‘सि तेन्द्रिआ’ ऐकून त्याला धक्का बसत नाही. त्याला अवघड जातं ते प्रमाण स्पॅनिशचं ‘तुबिएरा… कोम्प्रारिआ’, एका वाक्यात दोन वेगळी रूपं. सराव तिथेच वाढवायचा.

१८ जुलै

आन्देस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वताचा प्रदेश. नियमाप्रमाणे ‘मे दिहो के बिनिएरा’, त्याने मला यायला सांगितलं. मुख्य क्रियापद भूतकाळी, म्हणून पुढचंही भूतकाळी. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोरमध्ये मात्र ‘मे दिहो के बेंगा’, म्हणजे वर्तमान सबजंक्टिव्ह. अर्जेंटिनाच्या बोलण्यातही ‘केरिआ के बेंगास’ भेटतं, तू यावंस अशी माझी इच्छा होती.

केचुआ आणि आयमारा या भाषांचा शेजार हे कारण सांगितलं जातं. ब्वेनोस आइरेसपर्यंत तो शेजार पोचत नाही, त्यामुळे तिथल्यापुरतं दुसरं कारण शोधावं लागेल. प्रमाण भाषेतही एक फट आहेच: सांगितलेली गोष्ट अजून घडायची असेल तर ‘मे दिहो के बेंगा मान्याना’, उद्या ये म्हणाला, हे कुठेही चालतं. आन्देसमध्ये ती फट रुंदावली, असं निदान वर्णन करता येतं. लीमा, ला पास, कीतो इथल्या माणसांशी काम पडणाऱ्याने हे ऐकून गोंधळू नये, एवढ्यासाठी टीप.

म्हणजे भूतकाळी सबजंक्टिव्हची जागा कुठे ‘-रिआ’ने घेतली, कुठे वर्तमान सबजंक्टिव्हने. त्याच्या आतही ‘-रा’ने ‘-से’ला मागे सारलं. एवढ्या रेट्यात हा काळ टिकून आहे, यातच त्याची गरज दिसते.

२२ जुलै

छोटी नोंद. ग्रामीण मेक्सिको आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ‘आम्ही’चं रूप ‘फुएरामोस’ऐवजी ‘फुएरानोस’. आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर असला की ‘-मोस’चं ‘-नोस’ होतं. ‘नोसोत्रोस’ म्हणजे आम्ही, त्याचा ‘नोस’ मनात असतो. पानावर एक ओळ पुरे.

‘फुएरे’, ‘कान्तारे’ या भविष्य सबजंक्टिव्हला वेगळं पान नको. कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत उरलंय. ‘आदोन्दे फुएरेस, आस लो के बिएरेस’, जिथे जाशील तिथे दिसेल ते कर. आपलं ‘जसा देश तसा वेश’. नेमकं प्रदेशभेदाच्या पानावर शोभेल.

३० जुलै

पानाचा आराखडा पक्का झाला. ‘-रा’चा रकाना ठळक, आधी. ‘-से’ त्याच ओळीत, साध्या अक्षरांत, ‘वाचण्यासाठी; स्पेनमध्ये बोलण्यातही’ अशा टिपेसह. खाली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापाशी प्रदेशाचं नाव. ‘सि तेन्द्रिआ’ला ‘चूक’ असं लेबल लावावं असा एक आग्रह चर्चेत होता, परीक्षेत गुण जातात म्हणून. ते मान्य केलं नाही. लिहिलंय असं: ‘उत्तर स्पेनमधलं बोलीरूप. तिथे सर्व थरांत ऐकू येतं. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात तुबिएरा लिहा.’ विद्यार्थ्याचे गुणही वाचतात आणि बुर्गोसच्या आजीबाईंना त्यांची स्वतःची भाषा येत नाही असं कुणी शिकत नाही.

‘किसिएरा’च्या पानावर ‘-से’चा रकाना नेहमीसारखा भरलाय, कारण ‘सि किसिएसे’ (त्याला हवं असतं तर) हे बरोबर आहे. अदबीच्या वाक्यांत मात्र ती जागा रिकामी सोडली आणि शेजारी ‘इथे -से येत नाही’ असं छापलं.

पणजीहून पोर्तुगीज-भाषकांची चौकट आली. दोन उदाहरणं बदलून हवी आहेत, ताईंना कळवलंय. उद्यापासून ‘आबेर’ या क्रियापदाचं पान.